एंजिन कोठे आणि ओढ कोठे?

एकत्र कुटुंबात मोटार घेण्याचा विषय निघाला म्हणजे उपवर मुलासाठी स्थळे पाहताना होतो तितकाच खल होतो. रंग कोणता असावा, लिटरभर तेलात ती किती धावते, मागल्या बाकावर तीन वडीलधारी माणसे गुडघे न दुमडता बसतील काय, सामानाच्या जागेत लोणच्याच्या बरण्या उभ्या राहतील काय, अशा सर्व बाजूंनी विचार होतो, आणि तो व्हावाच. परंतु आषाढात ती मोटार घरी परत येणार की चिखलात मुक्काम करणार हे ज्या गोष्टीवर ठरते, ती गोष्ट विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एंजिनाचा भार कोणत्या चाकांवर पडतो आणि त्याची ओढ कोणत्या चाकांना पोचते, ही ती गोष्ट होय. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. शाळेत भूगोल शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तथापि गेल्या वर्षभरात या एका प्रश्नावर आमच्या घरात जितके बोलणे झाले तितके वाटणीच्या प्रश्नावरही झाले नसेल. आणि पुढे वाचकांच्या ध्यानात येईल की शेवटी हे प्रकरण जमिनीपर्यंतच जाऊन पोचले.

आमचे राहणे बुलढाण्यास आणि शेती खाली पायनघाटात, नांदुऱ्याच्या पलीकडे पूर्णेच्या अंगाला. ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. बुलढाणा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे आणि उत्तरेकडील भाग पूर्णेच्या सपाट खोऱ्यात. मुंबई-नागपूर लोहमार्ग खालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. जिल्ह्याचे मुख्य गाव मात्र वर डोंगरावर, रेल्वेवाचून. मलकापुरास गाडीतून उतरून बुलढाण्यास यावयाचे म्हणजे मोताळ्यावरून राजूर घाट चढावा लागतो, आणि तेवढ्यात माणूस जवळजवळ चारशे मीटर उंच येतो. वर हवा थंड आणि जमीन हलकी. खाली उन्हाळा कडक आणि जमीन काळी, खोल, कसदार. उन्हाळ्यात या काळ्या जमिनीस अशा भेगा पडतात की लहान मुलाचा पाय आत जावा. पावसाळ्यात हीच माती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि वरचा थर साबणासारखा बुळबुळीत व गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. बुळबुळीतपणा आणि चिकटपणा हे दोन गुण एके ठिकाणी कसे नांदतात हे वऱ्हाडच्या मातीवर चालल्यावाचून कळावयाचे नाही. मोटारीच्या टायरवर ज्या खाचा असतात त्या चार फेऱ्यांत या मातीने भरून जातात, आणि मग चाक म्हणजे केवळ एक गुळगुळीत काळा गोळा उरतो.

अशा गावी आमच्या काकू राहतात. वय ऐंशीच्या पुढे. काका गेल्यापासून त्यांना वर बुलढाण्यास आणण्याचे प्रयत्न आम्ही सर्वांनी केले. पण जो वाडा त्यांनी सून म्हणून पाहिला तो सोडावयास त्या तयार नाहीत. डांबरी रस्त्यापासून वाड्यापर्यंतची वाट म्हणजे सव्वा किलोमीटरची पांदण. दोहीकडे शेते, मध्ये खोलगट वाट. आजूबाजूचे सारे पाणी तिच्यातच उतरते.

गेल्या आषाढात एके रात्री काकूंना दम्याचा जोराचा झटका आला. निरोप येताच आमचे धाकटे बंधू व पुतण्या मोटार घेऊन खाली गेले. आम्हीही बरोबर होतो. घाट उतरून डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत जाण्यास काहीच अडचण पडली नाही. पांदणीत मात्र शंभर पावले जातो न जातो तोच मोटारीची पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली. आजकालच्या बहुतेक घरगुती मोटारींप्रमाणे हीस पुढेच एंजिन आणि पुढच्याच चाकांस ओढ. आत आम्ही माणसे, मागे प्राणवायूचे नळकांडे, औषधांची पेटी, अंथरूण. सारा भार मागल्या चाकांवर, आणि ती तर केवळ घरंगळणारी. पुतण्याने सांगितले म्हणून वाटेवरचे दोन तरुण मोटारीच्या नाकाडावर चढून बसले. त्याबरोबर चाकांनी जमीन पकडली व मोटार वीसेक हात पुढे गेली. ते उतरले, ती पुन्हा थांबली. यंत्रशास्त्राचा इतका रोखठोक पाठ आम्हांस कोणत्याही पुस्तकाने दिला नसता. पण त्या वेळी पाठ घेण्याची कोणाची मनःस्थिती होती?

शेवटी शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बाज ठेवून, वर ताडपत्री धरून, काकूंना डांबरी रस्त्यावर आणण्यात तासाभराहून अधिक वेळ गेला. तेथून नांदुऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळसर पडले होते. त्या वाचल्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आणखी लागता तर आपण बोलत बसलो नसतो.

काकूंना उतार पडल्यावर आमच्या घरी जी सभा भरली तिच्यापुढे दोन ठराव होते. धाकट्या बंधूंचे म्हणणे असे, की अंगणात उभी असलेली तीस वर्षांची जुनी जीप विकावी, हीही मोटार विकावी आणि उंच, दणकट दिसणारी एखादी नवी गाडी घ्यावी. पुतण्या पुण्यास मोटारीच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, काका, दणकट दिसणे वेगळे आणि ओढणे वेगळे. उंच बांध्याच्या पुष्कळ नव्या गाड्यांची ओढ शेवटी पुढच्या दोन चाकांनाच असते. आणि त्याने कागद घेऊन आम्हां सर्वांना जे समजावून दिले ते आम्ही आमच्या भाषेत येथे मांडतो.

चाक जमिनीला जितके दाबून धरले जाईल तितकी त्याची पकड; आणि पकड असेल तितकीच एंजिनाची शक्ती कामास येते. बाकीची शक्ती चिखल उडविण्यात जाते. म्हणून जी चाके ओढतात त्यांच्यावर भार हवा. पुढे एंजिन व पुढे ओढ अशा मोटारीत एकटा चालक असतो तेव्हा भाराचा मोठा वाटा पुढेच असतो व सारे ठीक चालते. पण आपली कुटुंबे मोटारीत एकेकटी कधी बसतात? मागे तीन माणसे, त्यांच्या मांडीवर दोन मुले, आणि सामानात गव्हाचे पोते, म्हणजे भार मागे सरला. चढावर तो आणखी थोडा मागे सरतो. मात्र चढाने सरणारा भार लोकांस वाटतो तितका मोठा नसतो, खरा अपराध त्या पोत्याचा. ओल्या मातीच्या चढावर अशी मोटार अडली तर ती वळवून उलट्या गिअरने चढवावी, असा एक जुना उपाय चालकांस ठाऊक आहे. तसे केले म्हणजे ओढणारी चाके उताराच्या बाजूस येतात व त्यांच्यावर भार वाढतो. आमच्या पुतण्याने गावच्या ओढ्याची दरड याच रीतीने एकदा आम्हांस चढून दाखविली. दिसावयास ते विचित्र दिसते खरे. पण मोटार वर आली.

हे सर्व बोलणे चालले असता आमचा सालदार ओट्यावर बसून ऐकत होता. बंडी हाकण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नाही. दोन चाकांच्या बंडीचा सारा डौल एका आसावर असतो. भार मागे अधिक झाला तर बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यास फास बसतो. पुढे अधिक झाला तर बैलांच्या खांद्याची सालपटे निघतात. म्हणून चांगला धुरकरी चढ आला की सरकून पुढे धुरेवर येतो व उतार लागला की मागे सरतो. आपल्या शरीराचे ओझे कोठे ठेवावे हे त्यास कोणी शिकविलेले नसते. मोटारीचे एंजिन मागेही असू शकते असे पुतण्याने म्हणताच सालदार हसून म्हणाला, “काहो भाऊ, बैल मांगं जुपल्यावर बंडी जाईन कुकडे?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मागे एंजिन असलेल्या वाहनांचा सारा गुणदोष त्यात आला आहे.

गुण आपल्या रोज डोळ्यांपुढे असतो. बुलढाण्याच्या रस्त्यावरून माणसांनी लादलेली ऑटोरिक्षा चढ चढत जाते ती कशाच्या बळावर? तिचे एंजिन मागल्या आसापाशी, ओढही मागल्या चाकांना, आणि उतारूंचे वजनही त्यांच्यावरच. बजाज कंपनीच्या आरंभीच्या रिक्षांत हे यंत्र पुढे असे. मागे एंजिन असलेली रिक्षा त्यांनी १९७७ साली आणली, आणि पुढे या वाहनास ‘आरई’ हे जे नाव रूढ झाले त्याचा अर्थच ‘मागचे एंजिन’ असा आहे. मोटारींत याच घराण्यातली म्हणजे टाटांची नॅनो. १० जानेवारी २००८ रोजी ती दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली, तेव्हा सर्वांनी तिची किंमत तेवढी पाहिली. तिच्या ६२४ घनसेंटिमीटरच्या दोन सिलिंडरांच्या एंजिनाने मागल्या बाकाखाली बस्तान ठोकले होते. तिची मागची चाके पुढच्यांहून रुंद होती ही गोष्ट ध्यानात घेणारे थोडे. भार मागे, ओढ मागे, म्हणून रुंदीही मागे. हौस म्हणून ते केलेले नव्हते. २०१८ साली तिचे उत्पादन संपले. तिच्या कितीतरी आधी, १९४९ पासून पुढे जवळजवळ पाव शतक, इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी या हुन्नरी गृहस्थांनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने पुन्हा पुन्हा घडविली. तिचेही एंजिन मागेच होते. ती बाजारात कधी आली नाही. परवाने, पैसा व सरकारी मान्यता यांच्या अभावी आपल्याकडे किती बुद्धी अशी अंगणातच गंजली असेल, हा विचार मनास चाटून जातो. असो.

दोष मात्र घाट उतरताना कळतो. जड शेपटीचा प्राणी वळताना शेपटीचा झोक सांभाळू शकत नाही, तसे या मोटारींचे होते. वेगात वळण घेताना चालकाने घाबरून एकदम वेग तोडला, तर भार पुढे सरकतो, हलकी झालेली मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि मोटार आपल्याच भोवती फिरू पाहते. पुढची चाके हलकी असल्यामुळे ओल्या रस्त्यावर सुकाणूही नीट ऐकत नाही. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेर ही मागल्या एंजिनाची मोटार १९६० च्या सुमारास निघाली. तिच्या या खोडीवर रॅल्फ नेडर यांनी १९६५ साली असे कोरडे ओढले की मोटारींच्या सुरक्षिततेचे कायदे करण्याची चळवळच तेथे उभी राहिली. निःपक्षपातीपणे पाहता सारा दोष एंजिनाच्या जागेचा नव्हता. मागल्या चाकांच्या टांगणीची रचनाच अशी होती की वळणावर ती चाके आतल्या आत दुमडत. परंतु नाव बद्दू झाले ते मागल्या एंजिनाचे. त्यात घरांतील मंडळींना सामानासाठी मागे मोठी जागा हवी. एंजिनास थंड ठेवावयाचे तर वारा समोरून येतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. या सर्व कारणांनी १९७० नंतर जगभर मोटारींची एंजिने पुढे गेली व ओढही पुढे गेली. मागल्या एंजिनाची बीटल करून जगप्रसिद्ध झालेल्या फोक्सवॅगननेच १९७४ साली पुढच्या ओढीची गोल्फ काढली. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि मध्यमवर्गाच्या मोटारीचा साचा त्या दिवसापासून ठरून गेला. त्यापूर्वीच्या अँबॅसडर व पद्मिनी या गाड्यांत एंजिन पुढे असे, पण ओढ मागल्या चाकांना. आमच्या वडिलांच्या पिढीचा प्रवास त्यांवरच झाला.

आता सालदाराच्या प्रश्नाचे उत्तर. बैल मागे जुंपा, पण पुढेही जुंपा. ओढ चारही चाकांना द्या.

चार चाकांची ओढ म्हणजे काय हे वऱ्हाडात जीपने शिकविले. मुंबईच्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी सुरू केली. जीपचे एंजिन पुढे. त्यामागील एका पेटीतून एक दांडा मागल्या आसाकडे व दुसरा पुढल्या आसाकडे जातो, आणि एक लहान दांडी ओढली की पुढची चाकेही ओढू लागतात. येथे एक सूचना घरातील तरुणांस करून ठेवावीशी वाटते. ही दांडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ओढू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांहून अधिक अंतर चालतात. रस्ता कोरडा असला की चाकांस घसरून तो फरक भरून काढता येत नाही, आणि सारा ताण आतल्या दातेरी चाकांवर येतो. चिखलात ती अडचण नाही, कारण तेथे घसरण्याचीच चंगळ. दुसरी गोष्ट अशी, की चार चाकांना ओढ असूनही वाहन अडू शकते. प्रत्येक आसावर डिफरन्शियल नावाची जी योजना असते ती दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. त्यामुळे एक चाक खड्ड्यात अधांतरी झाले की सारी ओढ त्या निरुपयोगी चाकाकडे पळते आणि जमिनीवर असलेले चाक स्वस्थ उभे राहते. आळशी भावाच्या हाती कुटुंबाची तिजोरी लागावी तसा हा प्रकार! तो बंद करण्यासाठी चांगल्या गाड्यांत डिफरन्शियलला कुलूप घालण्याची सोय केलेली असते.

मागे एंजिन आणि चारही चाकांना ओढ, अशी दोन्ही गुणांची जोड घातलेली वाहने जगात थोडी निघाली. पण जी निघाली ती बहुधा चिखल, डोंगर व शेत यांच्याच गरजेतून. दुसऱ्या महायुद्धात फर्डिनांड पोर्शे यांच्या बीटलच्या अंगावरून जर्मनांनी १९४२ ते १९४४ या काळात पाण्यावर तरंगणारी एक गाडी केली. तिला पहिल्या गिअरमध्ये चारही चाकांची ओढ मिळे, आणि पाण्यात उतरल्यावर मागचा पंखा खाली सोडला की ती होडी होई. अशा चौदा हजारांहून अधिक गाड्या झाल्या. हेतू संहाराचा, पण रचना नामी. युद्ध संपल्यावर अशी रचना ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी एरिक लेडविंका यांनी केली. यांचे वडील हान्स लेडविंका यांनी १९३४ साली टाट्रा या चेक कारखान्यात मागल्या एंजिनाची नावाजलेली मोटार घडविली होती. म्हणजे विद्या घरचीच. मुलाने १९५९ साली जी गाडी काढली तिला आल्प्समधील एका लहानखुऱ्या, चिवट घोड्याच्या जातीवरून हाफ्लिंगर असे नाव दिले. ६४३ घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे एंजिन मागे. तेथून पोकळ कण्यासारख्या नळीतून पुढल्या आसाकडे जाणारा दांडा. दोन्ही डिफरन्शियलांना कुलपे. गाडीचे स्वतःचे वजन सुमारे ६०० किलो आणि पाठीवर घेतलेले ओझे ५०० किलोच्या आसपास! चाकांजवळ दातेरी चक्रे बसवून आस वर उचलला होता, त्यामुळे गाडीचे पोट चिखलास टेकत नसे. १९७४ पर्यंत ती निघत होती. पुतण्याने तिचे चित्र दाखविले तेव्हा सालदाराने फक्त एवढेच विचारले, की हिची किंमत किती आणि ही येथे का मिळत नाही.

जपानात सुबारू कंपनीची सांबार नावाची लहान मालगाडी १९६१ पासून मागल्या एंजिनाचीच होती. १९८० साली तिला चारही चाकांची ओढ मिळाली. भाताच्या खाचरांमधील अरुंद वाटांवरून तांदळाची पोती वाहणाऱ्या त्या गाडीस तेथील लोक कौतुकाने शेतवाटेवरची पोर्शे म्हणत. हा विनोद कळण्यास खऱ्या पोर्शेची हकीकत ठाऊक पाहिजे. जर्मनीची ही श्रीमंती मोटार मागल्या एंजिनाचा हट्ट कधीच न सोडणारी. १९८४ साली तिच्याच एका चार चाकांच्या ओढीच्या अवताराने पॅरिसहून डकारला जाणारी सहारा वाळवंटातील शर्यत जिंकली, १९८६ साली तिच्याच घराण्यातील ९५९ ने पुन्हा जिंकली. १९८९ च्या सुमारास विक्रीस आलेल्या तिच्या नित्याच्या मोटारीत ओढीचे वाटप असे होते, की शंभरांपैकी ३१ हिस्से पुढे आणि ६९ हिस्से मागे. भार जेथे जितका तेथे ओढ तितकी. आमच्या मते या साऱ्या विद्येचे सार या दोन आकड्यांत आहे. मागची चाके ओझे ढकलतात. पुढची थोडेच ओढतात, पण तेवढ्याने सुकाणू ताळ्यावर राहते व वळणावर शेपूट आवरते.

सुबारूने स्वतः सांबार करणे २०१२ साली थांबविले. हाफ्लिंगर तर केव्हाच संपली. आता विजेच्या मोटारींच्या रूपाने ही रचना मागल्या दाराने परत येत आहे. (मोटार हा शब्द आपण गाडीस लावून बसलो, त्यामुळे विजेच्या मोटारीतील मोटार म्हणण्याची पाळी आली आहे, भाषा अशी सूड घेते.) २०२५ साली टाटांनी हॅरिअर गाडी विजेवर आणली. तिच्या वरच्या प्रकारात पुढल्या आसास एक व मागल्या आसास एक अशा दोन मोटारी असून मागची अधिक बळकट आहे. मध्ये दांडा नाही, पेटी नाही. कोणत्या चाकास किती ओढ द्यावयाची ते क्षणाक्षणास ठरते. धाकट्या बंधूंचे डोळे तिच्यावर लागले होते. परंतु तिचे वजन दोन टनांहून अधिक. डोंगरी खडकावर किंवा वाळूत ती काय करील ते करो. आमच्या पांदणीतील माती वजनाची भुकेली आहे. जे वाहन सहाशे किलोंचे असते त्यास ती वरच्यावर जाऊ देते, दोन टनांच्या वाहनास आधी पोटाशी ओढते आणि मग सोडण्याचा विचार करते. शिवाय किंमत पाहून आमच्या वहिनींनी सभेत पहिल्यांदाच तोंड उघडले, आणि तो विषय तेथेच संपला.

ट्रॅक्टर त्या रात्री कसा गेला, असे कोणी विचारील. त्याचे एंजिन पुढे असले तरी भाराचा मोठा वाटा त्या प्रचंड मागल्या चाकांवर असतो. त्या टायरांत हवेबरोबर पाणीही भरतात, ते केवळ वजनासाठी. आणि टायरचे उंच दाते मातीत रुततात. मात्र ट्रॅक्टरही उलाळ होतो. चिखलात रुतलेली ट्रॉली जोराने ओढताना त्याची पुढची चाके उचलली जातात, आणि तो चालकासकट मागे उलटल्याच्या दुर्घटना शेतकऱ्यांस चांगल्या ठाऊक आहेत. काकूंना आणणाऱ्या त्या मुलाचा पाय सारा वेळ क्लचवर का होता, हे आम्हांस नंतर उमगले.

जुनी जीप विकावयाची नाही, असे शेवटी ठरले. तिची दुरुस्ती करून ती बुलढाण्याच्या अंगणातून हलवून गावी वाड्याच्या गोठ्यात ठेवली आहे. वाहन जेथे अडते तेथून पलीकडे ते असले पाहिजे, हे पुतण्याचे म्हणणे सर्वांस पटले. सालदाराचा मुलगा ती चालवावयास शिकला. दर आठ दिवसांनी ती सुरू करून पांदणीच्या तोंडापर्यंत नेऊन आणावयाची, पुढच्या आसाची दांडी पडताळून पाहावयाची, आणि मागे वाळूची दोन पोती कायम ठेवावयाची, असा नियम घातला. रिकाम्या जीपची मागची बाजू फार हलकी असते, म्हणून ती पोती.

पण जीपने प्रश्न निम्माच सुटतो. कोणत्याही वाहनाच्या चारही चाकांना जमीन तर लागली पाहिजे! आमची पांदण वर्षानुवर्षे दोहोंकडील नांगरांनी कोरली जाऊन इतकी अरुंद झाली आहे, की दोन बंड्या समोरासमोर आल्या तर एकीस शेतात उतरावे लागते. तिच्यात मुरूम घालून, कडेने चर काढून ती पक्की करावयाची तर प्रथम ती रुंद केली पाहिजे. गावकऱ्यांची बैठक झाली तेव्हा प्रत्येकाने शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे बोट दाखविले. आमचे शेत पांदणीला चारशे मीटर लागून आहे. दोन मीटर रुंदीची पट्टी सोडावयाची म्हणजे जवळजवळ आठ गुंठे गेले, आणि तेही कसदार काळ्या जमिनीचे. धाकट्या बंधूंचा याला विरोध आहे. ते म्हणतात, आधी इतरांनी सोडावे. आज आठ गुंठे दिले तर उद्या मोजणीत आणखी काय काय निघेल कोणी सांगावे. त्यांच्या बोलण्यात व्यवहार नाही असे आम्हांस म्हणवत नाही. शेतीचा सारा हिशेब तेच पाहतात, आणि सोयाबीनचे भाव पडले तर झोप त्यांचीच उडते. पुतण्या व आम्ही एका बाजूस, ते दुसऱ्या बाजूस, आणि वहिनी दोन्ही बाजूंस चहा देतात.

सातबारा काकूंच्या नावे आहे. म्हणून दिवाळीत सर्वजण गावी जमलो असता बंधूंनीच त्यांच्यापुढे विषय काढला. काकूंनी सारे ऐकून घेतले. पट्टी सोडावयास त्यांची हरकत नव्हती. फक्त धुऱ्यावरचा काकांनी लावलेला कडुनिंब तोडावयाचा नाही, एवढीच त्यांची अट. पुतण्या फूटपट्टी घेऊन गेला व मोजून आला. कडुनिंब नेमका त्या दोन मीटरांच्या मध्यावर उभा आहे. पांदण त्यास वळसा घालून न्यावी असे तो म्हणतो. बंधू म्हणतात, वळशासाठी मग आणखी एक गुंठा लागेल. तूर निघाली की मोजणी व्हावयाची आहे.